सोलापूरच्या जमिनीखालचे नकाशे: संस्थांनी एकमेकांना काय द्यावं, कसं द्यावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: सोलापुरात पाणी, ड्रेनेज, वीज, गॅस आणि फायबर या सगळ्यांच्या जमिनीखालच्या लाइनी एकाच जीआयएस, म्हणजे संगणकावरच्या, नकाशावर आणायच्या आहेत. बैठका होतात, पत्रं जातात, पण संस्था डेटा देत नाहीत. मग सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं, आणि संस्थांना डेटा द्यायला लावायचं कसं?

सॉफ्टवेअरचं उत्तर लगेच संपतं, म्हणून आधी तेच. क्यूजीआयएस (नकाशे काढायला) आणि पोस्टजीआयएस (त्यांचा डेटा साठवायला) फुकट मिळतात आणि सोलापूरच्या आकाराच्या शहराला ते पुरून उरतात. हातात आधीच एखादं विकत घेतलेलं सॉफ्टवेअर असेल तर तेही चालेल. काम सॉफ्टवेअरपायी अडलेलं मी तरी कुठे पाहिलेलं नाही.

अडतं ते दुसऱ्या प्रश्नापाशी. या कामात बरीच वर्षं घालवल्यावर मला असं दिसतं की, डेटा न देण्याची पत्रात लिहिलेली कारणं एक असतात आणि खरी कारणं वेगळीच. पत्रात 'सुरक्षिततेच्या कारणास्तव' असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दाखवण्यासारखा नकाशाच नसतो. बिलाला जोडलेलं 'ॲज बिल्ट' ड्रॉइंग, म्हणजे काम प्रत्यक्ष कसं झालं ते दाखवणारं, उघडून पाहा. अनेकदा ते टेंडरचंच ड्रॉइंग असतं, फक्त त्यावर नवा शिक्का पडलेला असतो. त्यात 'रस्त्याच्या कडेच्या गटारीपासून ३ मीटर' असं लिहिलेलं असतं, आणि मधल्या काळात रस्ता रुंद होऊन ती गटारच हललेली असते. असा कागद दुसऱ्या खात्यापुढे ठेवायला अधिकाऱ्याला संकोच वाटतो, आणि त्याच्या जागी कोणालाही वाटेल. दुसरी भीती जबाबदारीची. 'आमच्या नकाशावर विसंबून कोणी खोदलं आणि केबल तुटली, तर नोटीस आम्हाला येणार का?' या दोन गोष्टींवर तोडगा निघेपर्यंत कितीही स्मरणपत्रं पाठवली तरी फायली येणार नाहीत.

म्हणून माझा सल्ला असा की जुने नकाशे गोळा करण्यात पहिली ताकद घालवू नका. लाइनीबद्दलची खरी माहिती चर उघडी असते तेवढेच तास डोळ्यांना दिसते, आणि चर बुजली की ती माहितीही गाडली जाते. शहरात रोज कुठे ना कुठे कोणीतरी खोदतंय. देवाणघेवाणीची व्यवस्था त्या उघड्या चरीभोवती आणि ती खोदायला लागणाऱ्या परवानगीभोवती बांधा. जुने कागद मागाहून त्यात बसवता येतात.

सोलापुरात हे जास्त निकडीचं का, तेही सांगतो. इथं कित्येक वर्षं नळाला रोज पाणी नाही, काही दिवसांआड येतं. म्हणजे बहुतेक वेळ वितरणाच्या लाइनीत दाब नसतो. सोमवारी फायबरवाल्यांच्या जेसीबीचा दात पाण्याच्या पाइपला लागला, तरी त्या दिवशी एक थेंब बाहेर येत नाही. चर बुजते, वर खडी-डांबर पडतं, मक्तेदार पुढच्या गल्लीत जातो. गुरुवारी त्या भागाची पाळी आली की रस्ता पाझरायला लागतो, पाण्याचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या चावीवाल्याला शिव्या बसतात आणि पाणीपुरवठ्याचा गँग तोच रस्ता पुन्हा फोडतो. शेजारून ड्रेनेज जात असेल तर प्रकरण आणखी वाईट. दाब नसलेल्या फुटक्या पाइपमध्ये बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं आणि पुढच्या पाळीला तेच घरात येतं. चोवीस तास दाब असलेल्या शहरात अपघात जागच्या जागी कळतो आणि खोदणारा जागेवर सापडतो. आपल्याकडे 'कोणी, कुठे, कधी खोदलं' याची नोंद नसेल तर दोषी शोधणं म्हणजे निव्वळ अंदाजपंचे.

नुकसान आज, परिणाम नंतर, हा प्रकार फक्त पाण्यात होतो असं नाही. बेल्जियममध्ये गिलेंगियाँ इथं ३० जुलै २००४ रोजी गॅसवाहिनीचा स्फोट होऊन २४ माणसं गेली. त्या वाहिनीला आधीच्या बांधकामात यंत्राचा मार बसलेला होता. पुढे दाब वाढवल्यावर ती फुटली. त्यानंतर त्या देशात खोदण्याआधी चौकशी करण्याची व्यवस्था कडक झाली. तैवानमधल्या काओशुंगला २०१४ साली ३२ जण दगावले. तिथं प्रोपिलीनची पाइप पावसाळी पाण्याच्या बंदिस्त नाल्याच्या पोटातून गेलेली होती आणि ती आत कुजत राहिली. पाइप एका कंपनीची, नाला शहराचा, आणि दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवून पाहणारं कोणी नव्हतं. सोलापुरात आता घरगुती गॅसच्या लाइनी पडतायत, म्हणून ही दोन नावं बैठकीत जरूर घ्या. नुसत्या पैशांच्या नुकसानीच्या आकड्यांनी कोणी हलत नाही.

आकडेच हवे असतील तर तेही आहेत. केंद्राच्या दूरसंचार खात्याचं 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप २२ मार्च २०२३ रोजी सुरू झालं. बेजबाबदार खोदकामामुळे देशात वर्षाला सुमारे १० लाख वेळा ऑप्टिकल फायबर तुटते आणि सुमारे ३००० कोटी रुपयांचं नुकसान होतं, असा अंदाज सरकारनेच तेव्हा दिला होता. या ॲपमध्ये खोदणारा जागा टाकतो आणि त्या भागात ज्यांच्या लाइनी नोंदलेल्या आहेत त्यांना निरोप जातो. हे ॲप वापराच. पण ते मुळात विचारणा पोचवण्याचं साधन आहे, हे लक्षात ठेवा. ज्या खात्याने आपल्या लाइनी नोंदवल्याच नाहीत त्याला निरोप जाणार नाही. आणि निरोप मिळालेल्या माणसाकडे धड नकाशा नसेल, तर तो लाइनमनला पाठवून 'इथून कुठून तरी गेलीय' एवढंच सांगणार.

बाहेरच्या देशांत दोन पद्धती दिसतात. नेदरलँड्समध्ये २००८ पासून कायदाच आहे. यंत्राने खोदणाऱ्याने आधी कडास्टर या भूमापन संस्थेकडे चौकशी नोंदवायची, मग त्याला फक्त त्या जागेपुरते सगळ्या मालकांचे नकाशे मिळतात. खोदताना लाइन नकाशापेक्षा वेगळ्या जागी सापडली तर तसं कळवणं त्याच्यावर बंधनकारक आहे. ब्रिटनने उलट सगळ्यांचा डेटा एका राष्ट्रीय नोंदवहीत एकसारख्या रूपात दाखवायचं ठरवलं. तिथं जमिनीखाली सुमारे ४० लाख किलोमीटर पाइप आणि केबल आहेत आणि वर्षाला साधारण ६०,००० वेळा खोदताना काहीतरी तुटतं. सोलापूरला मी डच पद्धत सुचवेन. ती स्वस्त आहे, डेटा ज्याचा त्याच्याकडेच राहतो, आणि चुकीची जागा कळवण्याची अट तिच्यातच आहे. जमिनीच्या सातबाऱ्यात फेरफार नोंदले गेले नाहीत तर तो जेवढा कामाचा, तेवढाच दुरुस्ती न होणारा भूमिगत नकाशा.

आता लाजेवरचा उपाय. प्रत्येक लाइनीला तिची जागा किती खात्रीची आहे याचा दर्जा द्यायचा. हे मी काढलेलं नाही, अमेरिकेतल्या सिव्हिल इंजिनियरांच्या संस्थेचं एएससीई ३८ हे मानक दोन दशकांहून जुनं आहे, त्याची ताजी आवृत्ती २०२२ ची. त्यात चार पायऱ्या आहेत. सर्वांत खालची 'ड': जुना कागद किंवा कोणी तोंडी सांगितलेलं. 'क': वर दिसणारी चेंबरं, झाकणं, व्हॉल्व्ह जागेवर मोजून कागदाशी जुळवलेली लाइन. 'ब': यंत्राने शोधून जमिनीवर खूण करून मोजलेली. 'अ': खड्डा करून प्रत्यक्ष उघडी पाहिलेली आणि उंचीसकट मोजलेली. एकदा हे चार रंग नकाशावर आले की संकोच कमी होतो, कारण 'ड' लिहून दिलेला वाकडातिकडा कागद हा मग खोटा नकाशा राहत नाही, 'इथं काहीतरी आहे, जपून' अशी सूचना होते. मी पाहिलेल्या प्रत्येक ठिकाणी, दर्जाचा रकाना आला तेव्हाच फायली बाहेर निघायला लागल्या.

'ड' दर्जाची सर्वांत मोठी ठेव चावीवाल्यांकडे आणि जुन्या फिटरांकडे आहे. विजापूर वेस, बाळीवेस, कुंभार वेस या गावठाणातल्या अरुंद गल्ल्यांत बीडाच्या जुन्या लाइनी कुठून वळतात, कोणता व्हॉल्व्ह डांबराखाली गेलाय, हे तिथल्या चावीवाल्याच्या डोक्यात असतं. हद्दवाढ भागात अडचण निराळी. १९९२ ला शहरात आलेल्या वस्त्यांत काही लाइनी ग्रामपंचायतीच्या काळातल्या, काही सोसायट्यांनी आपल्या पैशांनी टाकलेल्या, त्यामुळे महापालिकेच्या दप्तरात त्यांचा पत्ता लागेलच असं नाही. तरुण सर्व्हेअरला मोबाइल आणि जीपीएस देऊन चावीवाल्याबरोबर पायी फिरवा. हे चालणं त्या लोकांच्या निवृत्तीच्या आधी व्हायला हवं. त्यांना त्या दिवसाचं मानधन द्या, आणि नोंदीत त्यांचं श्रेय लिहा. एरवी त्यांना कोण विचारतं?

यंत्रांवर किती भरवसा ठेवायचा हा पुढचा मुद्दा. जीपीआर, म्हणजे जमिनीत रडार लहरी सोडणारं यंत्र, विकणारे लोक प्रात्यक्षिक बहुधा कोरड्या मुरमावर दाखवतात. आपल्याकडच्या काळ्या चिकणमातीत या लहरी फार लवकर शोषल्या जातात, आणि ती ओली असेल तर मीटरभर खालचंही नीट दिसत नाही. शक्यतो उन्हाळ्यात सर्व्हे करा आणि अहवालात मातीचा प्रकार लिहून घ्या. केबल लोकेटर तांबं-लोखंड पकडतो, पण एचडीपीई (प्लॅस्टिकचे) आणि जुने एसी (ॲस्बेस्टॉस सिमेंटचे) पाइप त्याला दिसत नाहीत. म्हणून नवा प्लॅस्टिक पाइप टाकताना त्याच्यासोबत ट्रेसर वायर, म्हणजे लोकेटरला पकडता येईल अशी धातूची तार, टाकायची अट टेंडरमध्येच घाला. एकूण खर्चात ती नगण्य असते.

खोलीबद्दल एक चूक मी सगळीकडे पाहतो. नकाशात 'खोली ०.९ मीटर' असं लिहिलेलं असतं. कशापासून? त्या दिवशीच्या रस्त्यापासून. ११ केव्ही केबलसाठी भारतीय मानकात ती ०.९ मीटर धरलेली आहे खरी, पण पुढे रस्त्यावर थर चढतात, कधी काँक्रीट करताना खरवडलंही जातं, आणि तो आकडा निरर्थक होतो. समुद्रसपाटीपासूनची उंची, म्हणजे आरएल, लिहा. सोबत त्या दिवशीच्या रस्त्याचाही आरएल. हे केलं तर दहा वर्षांनी कितीही थर पडले तरी हिशोब लागतो.

स्थानांकांबद्दल थोडक्यात. सगळ्यांनी डब्ल्यूजीएस ८४, यूटीएम झोन ४३ ही एकच स्थानांक पद्धत वापरायची. सोलापूर ७५.९ पूर्व रेखांशाच्या आसपास असल्यामुळे अख्खं शहर त्या एका झोनमध्ये बसतं. जुने नकाशे एव्हरेस्ट या भारतातल्या जुन्या मोजणी पद्धतीवरचे असतील तर रूपांतर न करता ठेवल्यास लाइन शंभर मीटरहून जास्त सरकते. ऑटोकॅडमध्ये मनमानी शून्यबिंदू धरून काढलेल्या ड्रॉइंगचा तर काही नेम नाही, त्यांना निदान चार पक्क्या खुणा जागेवर मोजून बसवावं लागतं. आरटीके, म्हणजे चूक जागेवरच दुरुस्त करणारा, जीपीएस आता सहज भाड्याने मिळतो, त्यासाठी सर्व्हे ऑफ इंडियाचं कॉर्स हे कायमच्या स्थानकांचं जाळंही आहे, तेव्हा काही सेंटीमीटरची अचूकता ही चैनीची गोष्ट राहिलेली नाही.

देवाणघेवाणीत नेमकं काय द्यायचं? मालक, प्रकार, व्यास किंवा केबलचा विद्युतदाब, पाइप कशाचा, टाकल्याचं वर्ष, आरएल, दर्जा, चालू आहे की बंद, आणि रात्री उचलला जाईल असा एक फोन नंबर. बस्स. ग्राहकांची नावं, मीटर नंबर, फीडरवरचा भार, फायबरच्या जोड्यांची संख्या, पुढच्या वर्षीचे आराखडे यांतलं काहीही खोदणाऱ्याला लागत नाही. ते मागितलं तर महावितरण काय किंवा टेलिकॉम कंपन्या काय, नाही म्हणणारच, आणि त्यांचं बरोबरच असेल. बंद पडलेल्या लाइनी मात्र आवर्जून दाखवा. खड्ड्यात मृत केबल सापडली की माणूस निर्धास्त होतो आणि तिच्याशेजारची जिवंत केबल तोडतो.

सुरक्षिततेचा खरा मुद्दा आहेच, तो टाळू नका. उजनीहून येणाऱ्या मुख्य जलवाहिन्या किंवा उच्च दाबाच्या केबल पूर्ण लांबीने कोणालाही दिसता कामा नयेत. उपाय म्हणजे परवानगी मिळालेल्या पट्ट्यापुरतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या थोड्या अंतरापुरतं दिसेल, परवानगीच्या मुदतीपुरतंच दिसेल, आणि कोणी कधी पाहिलं याची नोंद राहील अशी खिडकी. फाइल उतरवून घेता येणार नाही. अख्खं शहर पाहण्याचा अधिकार दोन-तीन नेमलेल्या माणसांना, नावानिशी.

जबाबदारीचं कलम करारात साध्या मराठीत लिहा, वकिलाची इंग्रजी नंतर जोडा. आशय असा: जिने लाइन नोंदवली आणि दर्जा प्रामाणिक लिहिला, ती संस्था 'ड' किंवा 'क' लाइनीची जागा चुकली म्हणून दोषी धरली जाणार नाही. यंत्र लावण्याआधी हाताने ट्रायल पिट, म्हणजे चाचणीचा खड्डा, घेणं खोदणाऱ्याचं काम आहे, नकाशा असो वा नसो. आणि जिने लाइन नोंदवलीच नाही, तिला तुटल्याची भरपाई मागताना ही गोष्ट आड येईल. हे शेवटचं वाक्य मान्य व्हायला वेळ लागतो, पण संस्थांना टेबलाशी आणतं तेच. रेल्वेकडे याचा एक घरचा नमुना आहे. सिग्नल आणि टेलिकॉम केबलजवळ खोदायचं असेल तर जॉइंट प्रोसिजर ऑर्डरनुसार त्या विभागाला आधी कळवून, त्यांचा माणूस जागेवर असतानाच काम करायचं. सोलापुरात विभागीय कार्यालयच असल्यामुळे ती ऑर्डर मागून वाचा, बरंचसं तसंच उचलता येईल.

मग हे पाळायला लावणारं हत्यार कोणतं? रस्ता खोदाईची परवानगी. ती देणारी यंत्रणा महापालिकेत आधीच आहे, पैसे भरून घेतले जातात, अनामत ठेवली जाते. त्यात दोनच बदल करा. परवानगीच्या अर्जाला चौकशीचं उत्तर जोडल्याशिवाय अर्ज दाखल होणार नाही. आणि अनामतीचा ठरलेला हिस्सा तेव्हाच परत मिळेल, जेव्हा चर बुजवण्यापूर्वीची मोजणी जमा होईल: स्वतःच्या लाइनीची, आणि चरीत उघड्या पडलेल्या इतर सगळ्यांच्या लाइनींची. मोजपट्टी टेकवून काढलेले फोटो, आरटीकेचे बिंदू, आणि चुकीच्या जागी सापडलेल्या लाइनीची वेगळी नोंद. मक्तेदार कुरकुर करेल, पण अनामतीसाठी करेल. अशाने दुसऱ्याच्या 'ड' लाइनी तुमच्या चरीतून फुकटात 'अ' होत जातात, आणि हीच गोष्ट वर्षाअखेरीस त्या संस्थेला दाखवायची.

एचडीडीला, म्हणजे चर न खोदता जमिनीखालून आडवं भोक (बोअर) पाडून लाइन टाकण्याला, वेगळा नियम हवा, कारण तिथं चर उघडतच नाही. बोअर मारताना यंत्रचालकाचा लोकेटर प्रत्येक रॉडला खोली दाखवतो, तो बोअर लॉग जमा करायला लावा. गॅसची लाइन बोअरने टाकली असेल तर त्या पट्ट्यातल्या ड्रेनेजमध्ये कॅमेरा फिरवून घ्या. बोअर ड्रेनेजच्या पाइपमधून आरपार गेलेला असू शकतो. त्या वेळी कोणाला कळत नाही, आणि पुढे कधीतरी तुंबलेलं चेंबर साफ करणाऱ्या यंत्राने गॅसचा पाइप कापला जातो. या एका तपासणीवर मी तडजोड करणार नाही.

घाईच्या दिवसांचाही विचार करा. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, आधी नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या मार्गावरचे खड्डे बुजवण्याची धांदल असते, आणि त्या धांदलीत मोजणी राहते. त्या मार्गावरची परवानगी नोव्हेंबरनंतर देऊच नका, तातडीची दुरुस्ती सोडून. तातडीच्या कामाला आधी चौकशी शक्य नसते हे मान्य करून, त्याची मोजणी आठवड्याच्या आत द्यायची सवलत ठेवा.

सुरुवातीला अख्खं शहर घेऊ नका. जुळे सोलापुरातला एक रुंद, अलीकडचा रस्ता आणि बुधवार पेठेसारख्या जुन्या भागातली एक गल्ली निवडा. पहिल्यात नकाशे बरेच जुळतील आणि लोकांचा धीर वाढेल, दुसऱ्यात खरी अडचण कळेल. पाणीपुरवठा, ड्रेनेज, महावितरण, बीएसएनएल, गॅस कंपनी आणि एक खाजगी टेलिकॉम एवढे सहा जण पुरे. बैठक कार्यकारी अभियंत्यांची घेण्याऐवजी कनिष्ठ अभियंते आणि लाइनमन यांची, जागेवर, खडू आणि स्प्रे पेंट घेऊन घ्या. प्रत्येकाने आपली लाइन रस्त्यावर आपल्या रंगाने काढायची. पाणी निळं, वीज लाल, गॅस पिवळा, ड्रेनेज हिरवं, टेलिकॉम नारिंगी. दोन रंग एकाच जागी आले की तिथं हाताने खड्डा घ्या, आणि त्यात जे दिसेल ते नकाशातली पहिली 'अ' नोंद म्हणून भरा.